खेचराला आवाज कोणाचा

दोंडाईच्यात, मिरचीच्या गोदामावर भाड्याची खोली.
तिथे मी अकरा मिनिटांचं एक शेत काढत होते.
सेकंदाला बारा चित्रं,
म्हणजे म्हशीनं एकदा नीट रवंथ करायचा
तर माझा अख्खा मंगळवार.

शेतातली जनावरं सगळी अहिराणी बोलणारी.
म्हशीला आवाज दिला कौतिकबाईंनी,
डेअरीवर तीस वर्षं दुधातलं पाणी
नुसत्या वासावर ओळखणाऱ्या.
कोंबडा झाला लोटन कंडक्टर,
त्याची प्रत्येक बांग
नरडाणा, बेटावद, शिंदखेडा.
बैलजोडीला दोन सख्खे भाऊ मिळाले,
बांधावरून बोलणं टाकलेले.
माइकपुढे थोरला धाकट्याला "भो" म्हणाला.
ते माझ्या कागदावर नव्हतं.

खाली बाया मिरचीची देठं खुडायला बसल्या
की वर सगळं शेत खोकायचं.
ते खोकणं मी काढलं नाही.

राहिलं खेचर.

ते खेचर. व्याकरणानंसुद्धा त्याला
कुठल्याच बाजूला घेतलेलं नाही.
सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यांच्या रांगेत बांधलं
तर घोडे दोन पावलं सरकतात,
उकिरड्यावरची गाढवं त्याची उंची बघून उठून जातात.
शेताच्या फाटकातून आत येतं
तर म्हैस विचारते, "तू कोन्हा शे रे?"
बैल म्हणतो, "पोयाले तुले रंग कोठे लावाना?
शिंगडंच नईत."
कोंबडा फक्त, "पुढे सरका, पुढे सरका."

त्याचा आवाज काढायला कोणी तयार होईना.
लोटन म्हणाला, वाटलं तर डुक्कर करतो, ताई,
पोरीचं लग्न जमत आलंय.
कौतिकबाईंची सून पोटुशी,
आणि खेचराला तर मूल होत नाही.
त्या एवढं बोलून
माझ्या टेबलावर लिंबाचं लोणचं ठेवून गेल्या.

मग मी वीटभट्टीवर गेले, भिलाकडे.
त्याची तीन खेचरं.
रेकॉर्डर मांडीवर घेऊन तीन रात्री बसले.
भिला म्हणाला, ओरडतं कधीमधी.
सुरू होतं घोडीसारखं, आईचं,
मधेच फाटतं
आणि संपतं बापासारखं, गाढवाचं.
पण मुद्दाम नाही ओरडत.
कोणासाठी ओरडेल?

तिसऱ्या पहाटेपर्यंत मला मिळालं ते इतकंच:
नाकातून जाणारा येणारा वारा,
पाठीवरून विटांचा भुगा झडल्याचा बारीक आवाज,
खुंट्याला दोर घासल्याचा,
आणि भिलाचं घोरणं,
जे कितीही धुतलं तरी मागे राहिलं.

तेवढ्यावरच खेचर चालवलं.
ओठ हलवले नाहीत.
त्याच्या वाटणीची सतरा वाक्यं लिहून ठेवली होती,
चांगली होती,
एकात तर मी स्वतः रडले होते.
ती वही अजून गादीखाली आहे.

आठवड्याच्या बाजाराच्या रात्री
शाळेच्या भिंतीवर दाखवलं.
म्हशीवर हशा. कोंबड्यावर शिट्ट्या.
दोघे भाऊ मैदानाच्या दोन टोकांना बसलेले,
"भो" आला तेव्हा दोघांनीही खाली बघितलं.
मग खेचर आलं.
फाटकाशी उभं राहिलं, श्वास घेत,
माझ्या हिशेबानं चाळीस सेकंद,
चारशे ऐंशी चित्रं.
कोणी हसलं नाही. एक म्हातारा बिडी विझवून उठला,
पुन्हा बसला.
पुढच्या ओळीतलं एक पोरगं मोठ्यानं म्हणालं,
हाई काबरं बोलत नई?

मागून, अंधारातून,
कोपरापर्यंत तांबड्या मातीनं भरलेला भिला म्हणाला,
"थकी जायेल शे."

पोराला ते पटलं असावं.
त्यानं पुढ्यातल्या शेंगा फोडायला घेतल्या.

त्या चारशे ऐंशीतल्या एका चित्रात
डावा कान चुकून लांब निघालाय.
फक्त मलाच दिसतो.
दुरुस्त करायला घेतला होता एकदा,
खोडरबर हातात धरून बराच वेळ बसले,
खाली मिरची पोत्यात भरत होते,
आणि मला खोकला आला.